नमुना ज्याचा, अहवाल त्याचा

सलग अकरा सोमवार माझ्या फुंकणीवर एकच आकडा येत होता. शून्य दशांश चार.

आकडा चांगला होता. काळजीचे आकडे पाचाच्या पुढे सुरू होतात. तरीही अकराव्या सोमवारी, आरशाशेजारच्या पांढऱ्या नळीत फुंकर मारून हिरवा दिवा लागलेला बघितला, तेव्हा मला त्या आकड्याची पहिल्यांदा भीती वाटली.

फुंकणी हे आमच्या घरातलं नाव. हॉस्पिटलच्या कागदांवर तिचं नाव दीड ओळीचं आहे. माझी मुलगी ओवी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. यंत्र भिंतीवर बसवून झाल्यावर ती म्हणाली, "मम्मी, ही तर चुलीपुढची फुंकणी आहे," आणि तेच नाव राहिलं.

२०३६ साली कर्करोगामुळे माझा डावा स्तन काढला. सहा महिन्यांनी त्या जागी नवा वाढवायला घेतला. पोटावरच्या चरबीतल्या माझ्याच पेशी एका विरघळणाऱ्या जाळीवर बसवल्या. दोन वर्षांत जाळी विरघळली, पेशी राहिल्या, त्यांच्यात रक्तवाहिन्या शिरल्या. घरात आम्ही तिला 'नवी बाजू' म्हणत असू. तिसऱ्या हिवाळ्यात अंघोळीचं पाणी गार निघालं आणि नव्या बाजूवर शहारा आला. म्हणजे मज्जातंतूही पोचले होते. मी बादलीजवळ उभी राहून एकटीच हसले होते.

नव्या बाजूत पहारेकरीही ठेवलेले आहेत. आपल्या रक्तात कचरा उचलणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. माझ्याच रक्तातून त्या काढून त्यांच्यात एक जनुक बसवलं आणि परत सोडल्या. दर वर्षी ताज्या भरतात. ते जनुक एरवी झोपलेलं असतं. कर्करोगाची गाठ स्वतःभोवती एक वेगळं रासायनिक वातावरण तयार करते. पहारेकरी पेशी त्या वातावरणात शिरली की जनुक जागं होतं आणि पेशी एक विकर बनवू लागते. हे विकर म्हणजे कात्री. दर रविवारी जेवणानंतर मी एक गोळी घेते. तिच्यात साखरेच्या रेणूला जोडलेला अल्कोहोलचा एक लहानसा रेणू असतो. कात्री हजर असेल तर जोड कापला जातो, अल्कोहोल सुटतं, रक्तातून फुप्फुसात येतं आणि सोमवारी सकाळी श्वासातून बाहेर पडतं. त्यातले पाच हायड्रोजन अणू मुद्दाम जड जातीचे घेतलेले असतात. त्यामुळे पोटात आंबलेल्या किंवा कुणी प्यालेल्या अल्कोहोलशी त्याची गल्लत होत नाही. फुंकणी तेवढंच मोजते.

निरोगी माणसातही हा आकडा शून्य येत नाही. आतड्यातले काही जिवाणू तशीच कात्री थोडीफार बनवतात. म्हणून पाच वर्षं माझा आकडा दोन दशांशापासून सहा दशांशापर्यंत हलत होता. दही जास्त खाल्लं की वर, अँटिबायोटिक घेतलं की खाली. जिवंत शरीराचं मोजमाप थरथरतं. मी बावीस वर्षं यंत्रांसमोर बसले आहे; एकाच बाटलीतला नमुना एकाच यंत्रात दोनदा घातला तरी दुसरा आकडा सरकतो. अकरा आठवडे जागचा न हलणारा आकडा मोजलेला नसतो. तो दाखवलेला असतो.

स्वयंपाकघरात भूषण डाळिंब सोलत बसले होते. माझे यजमान. ज्या माणसाला सत्तावीस वर्षं सोललेलं डाळिंबसुद्धा उभ्यानं खायची सवय, तो दोन महिन्यांपासून रोज सकाळी माझ्यासाठी वाटीभर दाणे काढत होता.

"किती आलं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"पॉइंट फोर."

"छान."

ओवी लॅपटॉप उघडून टेबलापाशी बसली होती. नाताळात पुण्याहून आली ती परत गेलीच नव्हती; ऑफिसनं घरून काम दिलंय म्हणाली. "मम्मी, गुरुवारी नऊला निघायचं हं. उपाशीपोटी."

गुरुवारी नव्या बाजूची डागडुजी होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कडेचा एक भाग कडक झालाय, तेवढा काढून सारखा करू.

"गुरुवारचं पुढे ढकलू या का?" मी म्हटलं. "तोडणीचा हंगाम आहे. लॅबमध्ये नमुन्यांचा ढीग लागलाय."

"नको!" दोघंही एकदम म्हणाले.

मग भूषण सावरले. "म्हणजे... डॉक्टरांची तारीख मिळत नाही गं. तू म्हणशील तसं. पण नको."

गेल्या दोन महिन्यांत त्यांनी माझ्याशी एकदाही वाद घातला नव्हता. मी पडद्यांसाठी राखाडी कापड आणलं तेव्हाही नाही. मी वाटीतले दाणे खाल्ले, त्यांच्यासोबत रोजची सांध्यांची गोळी घेतली आणि कामाला निघाले.

आमची प्रयोगशाळा पिंपळगावच्या रस्त्यावर आहे. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांत औषधांचे अंश किती उरलेत ते आम्ही तपासतो. बागेतून नमुना येतो, त्याला नंबर पडतो, नाव झाकलं जातं. यंत्राला बाग कुणाची ते कळत नाही आणि मलाही. नमुने घेण्याच्या खिडकीवर एक पाटी आहे: नमुना ज्याचा, अहवाल त्याचा. ती मीच लावून घेतली आहे.

त्या खिडकीवर ज्योत्स्ना कोठुळे बसते. तिनं रजिस्टर उघडलं. "कुठल्या बागेचा?"

"माझा."

"तुम्ही कधी द्राक्षं लावली मॅडम?"

"श्वास आहे. बाटलीत फुंकून देते. तुझाही हवाय, तुलनेला."

"माझा? सकाळी लसणाची चटणी खाऊन आलेय. यंत्र बसलं तर माझं नाव घ्यायचं नाही." एवढं बोलून तिनं माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. मग काही न विचारता पेन उचललं. "नंबर तर द्यावाच लागेल. नंबराशिवाय आत काही जाऊ द्यायचं नाही, नियम तुमचाच आहे. दोनशे सतरा तुमचा, अठरा माझा."

तीन बाटल्या तिच्या, तीन माझ्या. काडीनं अर्धा अर्धा मिनिट फुंकून झाकणं दाबून बंद केली. जड हायड्रोजनचं अल्कोहोल आमच्या कपाटात असतंच. यंत्राची परीक्षा घ्यायला असली रसायनं लागतात. ठाऊक प्रमाणाची बाटली आधी लावली आणि मागे नमुने सोडले.

यंत्र चालू असताना फोन आला. गांगुर्डे शेठ, निर्यातदार.

"मॅडम, एकशे नव्व्याण्णव नंबर. लागलाय ना अंश? तुमच्या आवाजावरूनच कळलं. एक विनंती होती. बागायतदाराला अहवाल गुरुवारी पाठवा. बुधवारी कंटेनर हलतोय. माल मिसळून जाईल, कुणाचं काही बिघडणार नाही. उगाच त्याच्या जिवाला घोर कशाला? त्याच्या भल्याचंच सांगतोय."

"नमुना त्यानं दिलाय शेठ. अहवाल सकाळी गेलासुद्धा."

"तुम्ही फार कडक बुवा," ते म्हणाले. फोन ठेवेपर्यंत पडद्यावर ज्योत्स्नाची रेघ पूर्ण झाली होती. सपाट. खाली माझी सुरू झाली. तीन मिनिटं सरळ गेली आणि ठरलेल्या जागी, जड अल्कोहोलच्या ठरलेल्या वजनाला उभी चढली.

पहिली बाटली, सव्वीस पूर्णांक एक. दुसरी, सव्वीस पूर्णांक सहा. तिसरी, सव्वीस पूर्णांक दोन.

आकडा हलत होता. खरा होता.

ज्योत्स्ना माझ्या खुर्चीमागे उभी होती. तिला आलेख वाचता येत नाहीत, पण नापास नमुना कसा दिसतो ते तिला ठाऊक आहे. "मॅडम," ती म्हणाली, "अहवाल कुणाला द्यायचा?"

"मलाच," मी म्हटलं. तिनं रजिस्टरात तसं लिहिलं आणि मी सही करून तो घेतला.

भूषणचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, द्वारका चौकाच्या अलीकडे. मी पोचले तेव्हा ते एका पाण्याच्या मोटरीत तांब्याची तार भरत होते. वार्निशचा वास कोंडला होता. मी आलेखाचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. फुंकणी बिघडली आहे, असं मी म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. वाटेत रिक्षात मी तेवढंच ठरवलं होतं, कारण त्यापलीकडचं मला अजून दिसलं नव्हतं.

त्यांनी हात पुसले, कागद उचलला. माझ्या अक्षरातला आकडा वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"सव्वीस? अगं, गेल्या सोमवारी एकतीस होता. उतरतोय. म्हणजे गोळी लागू पडतेय!"

मग त्यांच्या लक्षात आलं की आपण कुणाशी बोलतोय.

"कुठली गोळी?" मी विचारलं.

ते स्टुलावर बसले. तार हातातच होती.

"कधीपासून ठाऊक आहे तुला?" सत्तावीस वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा एकेरीत बोलले.

त्यांनी फोन काढून दिला. माझे अकरा सोमवार त्यांच्या फोनमध्ये होते. सात. बारा. एकोणीस. अठ्ठावीस. छत्तीस. एक्केचाळीस. चाळीस. अडतीस. पस्तीस. एकतीस. शेवटचा आज सकाळचा, सव्वीस. तो अजून त्यांनी उघडलाही नव्हता. सकाळी मला "किती आलं?" विचारून, माझं उत्तर ऐकून, मग दुकानात येऊन खरं उत्तर बघायचा त्यांचा नेम होता.

मी एकेक आठवडा आठवू लागले. जानेवारीत वार्षिक तपासणी दोन महिने अलीकडे आणली होती. स्कॅननंतर डॉक्टरांनी सुई घातली तेव्हा म्हणाल्या होत्या, जाळी कितपत विरघळली ते बघते. सांध्यांची गोळी पांढरी होती ती पिवळी झाली. भूषण म्हणाले, कंपनी बदललीय. त्यानंतर मला दुपारी अंगातून वाफा यायच्या आणि ओवी न सांगता पंखा लावायची.

"ओवीला?"

"तिनंच त्या गोळीचं सगळं वाचून काढलं. डॉक्टरांना तिनंच विचारलं."

"आणि गुरुवारी?"

"गाठ काढणार आहेत. छोटी आहे हर्षदा. सव्वा सेंटिमीटर. तुला भूल द्यायचे, काढायचे, मग सांगायचं. झाल्यावर. बरं झाल्यावर." ते भराभर बोलू लागले. "तू म्हणाली होतीस. तिसऱ्या केमोला. बादली धरून बसली होतीस आणि म्हणालीस, परत आला तर मी कुणाला हात लावू देणार नाही. मी ऐकलंय ते. माझ्या कानांनी."

"मी उलट्या करत होते!"

"तुझा शब्द पक्का असतो. लोकांना ठाऊक आहे, मला नाही? तू नाही म्हणाली असतीस तर मी काय करणार होतो? तुला मरू द्यायचं? तू नाही म्हणायच्या आत तुला वाचवायचं होतं मला."

कामासाठी आलेलं एक गिऱ्हाईक दारात थांबलं होतं. भूषणनी त्याला हातानंच नंतर ये सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि तुझ्या आईंच्या वेळी? तूच म्हणालीस ना, नको सांगायला? आम्ही सगळ्यांनी ऐकलं तेव्हा तुझं."

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

आईला स्वादुपिंडाचा कर्करोग होता. मी चाळिशीलाही पोचले नव्हते. अहवाल इंग्रजीत आला, आईला वाचता येईना, म्हणून तिनं तो माझ्या हातात दिला आणि पदर सावरून समोर बसली. मी वाचून दाखवला. पित्ताशयात खडा आहे, सूज आहे, पथ्य पाळायचं. सही केलेला खोटा अहवाल मी आजवर कुणाला दिला नाही. न सही केलेला तो एक. माझं झाल्यावर आईनं बोटानं पानं मोजली. मग म्हणाली, "एवढंच लिहिलंय? चार पानं आहेत की."

मी म्हटलं होतं, बाकीचं हॉस्पिटलचं छापील असतं.

मंगळवारी सकाळी मी एकटी डॉक्टर गायधनींसमोर बसले. त्यांना भूषणनी आधी फोन केलेला असणार. त्यांनी दुसरे सगळे पेशंट बाहेर थांबवले होते.

"फॉर्म दाखवा," मी म्हटलं.

पाच वर्षांपूर्वीचा फॉर्म होता. पहिला संपर्क: पती. त्याखाली एक चौकट, 'कुटुंब-आधी', आणि तिच्यात बरोबरची खूण. अक्षर भूषणचं. सही माझी. मला तो दिवस आठवला. छातीतून दोन नळ्या बाहेर लोंबत होत्या, घरी सोडणार होते, नर्सनं पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवल्या होत्या आणि मी फुल्यांवर सह्या करत गेले. द्राक्षांच्या साध्या पावतीवरही मी न वाचता सही करत नाही.

"ही चौकट कुणी काढली?"

"ज्यांनी यंत्रणा बनवली त्यांच्याकडे ती नव्हती," डॉक्टर म्हणाल्या. "तिकडे निकाल थेट पेशंटला जातो. आपल्याकडे सुरू झालं तेव्हा पहिल्याच वर्षी नातेवाईक भांडायला यायचे. आईला डायरेक्ट कसं कळवलंत, बायकोनं हाय खाल्ली तर जबाबदार कोण. शेवटी चौकट घातली. दहापैकी आठ घरं खूण करतात."

"आणि पेशंटला खोटा आकडा दिसतो."

"खोटा नाही. शेवटचा चांगला आकडा तसाच ठेवला जातो."

"आमच्या लॅबमध्ये त्यालाच खोटा म्हणतात."

त्यांनी चष्मा काढला. "गुरुवारी सहीच्या वेळी मी सांगणार होते."

"सहीच्या कागदावर काय लिहिलंय?"

त्यांनी चष्मा परत चढवला. मग वाचून दाखवलं. "पुनर्रचित ऊतींची दुरुस्ती व आवश्यक ती पुढील शस्त्रक्रिया."

"आवश्यक ती."

"हर्षदाताई, भूषणराव माझ्यासमोर रडले. मोठा माणूस टेबलावर डोकं ठेवून रडला. मी काय करायला हवं होतं?"

"मला फोन. आता स्कॅन दाखवा."

त्यांनी दाखवला. गाठ नव्या बाजूत नव्हतीच. तिच्या मागे, छातीच्या भिंतीला चिकटून होती. पहिल्या वेळी मागे राहिलेल्या चार पेशींतून उगवलेली. नव्या बाजूच्या कडेला पहारेकरी पेशी जमल्या होत्या, तो भाग स्कॅनमध्ये उजळ दिसत होता. पाच वर्षं मला वाटायचं, परत आला तर शरीरानं दगा दिला असं होईल. पण शरीरानं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. सात, बारा, एकोणीस, दर सोमवारी वाढत्या आवाजात सांगितलं होतं. ते माझ्या श्वासातून बाहेर पडून, माझ्या नाकापुढच्या नळीत शिरून, दुसऱ्याच्या खिशात गेलं होतं.

"काढली तर?"

"दुसरीकडे कुठे काही दिसत नाही. काढली आणि पिवळी गोळी चालू ठेवली तर दहापैकी सहासात बायका पाच वर्षांनी ठीक असतात."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर नाही."

"हे अकरा आठवड्यांपूर्वी बोलायचं होतं."

"हो," त्या म्हणाल्या. माझा त्यांच्यावरचा राग त्या एका शब्दापुरता कमी झाला, फार नाही. "नव्या बाजूचं काय करू? गाठीपर्यंत पोचायला ती उचलावी लागेल. काढून टाकली तर काम सोपं होईल. परत वाढवता येते."

"ठेवता येईल?"

"येईल. दोन तास जास्त लागतील."

"मग ठेवा. गेले अकरा आठवडे माझ्याशी खरं बोलणारी ती एकटीच होती."

सही मी लगेच केली नाही. कागद घरी नेला. त्या संध्याकाळी भाजी निवडायला ओवी माझ्यासमोर बसली आणि मेथीची एकच काडी बराच वेळ खुडत राहिली.

"मम्मी, मी पप्पांना दोनदा म्हटलं होतं, सांगू या म्हणून."

"तिसऱ्यांदा मला म्हणायचंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"तुम्ही दोघांनी ठरवलं ते." मेथी बाजूला ठेवून मी भूषणनाही ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, "मला वाटतं, विचारलं असतंत तर मी हो म्हणाले असते. पण आता ते कुणालाच कळायचं नाही. तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. तेवढं तुम्ही घेऊन गेलात."

बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद झाला. कुणी आत आलं नाही.

बुधवारी मी फॉर्म भरला. 'कुटुंब-आधी'ची खूण काढली. पहिला संपर्क: स्वतः. सहमतीच्या कागदावरची 'आवश्यक ती' ही दोन शब्दांची पळवाट खोडून तिथे नेमकं काय काढायचं आणि काय ठेवायचं ते लिहायला लावलं. मग सही केली. दुसरा संपर्क रिकामा सोडता येत नव्हता, यंत्रणा पुढे जाऊ देईना. मी थोडा वेळ विचार केला आणि ज्योत्स्ना कोठुळे लिहिलं. नातं: सहकारी.

भूषण शेजारी बसले होते. त्यांनी ते नाव वाचलं. सत्तावीस वर्षं संसार केलेला नवरा आणि नमुने घेणारी बाई, यांतली माझी निवड त्यांनी बघितली. गुरुवारी सकाळी मला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मी बाहेर थांबू ना?"

"थांबा," मी म्हटलं. थांबायची परवानगी वेगळी आणि माझं आधी कळायची वेगळी.

नवव्या दिवशी पॅथॉलॉजीचा अहवाल आला. फोनवर निरोप मला आला, फक्त मला. मी ओवीला गाडी काढायला लावली, स्वतः खिडकीवर जाऊन ओळखपत्र दाखवलं आणि छापील प्रत घेतली. डावा हात अजून वर होत नव्हता. घरी येईपर्यंत मी पाकीट उघडलं नाही.

जेवणाच्या टेबलापाशी बसून मी ते उघडलं आणि सगळं मनात वाचलं. समोर ते दोघं. भूषणच्या पुढे डाळिंबाची वाटी होती. दाणे काढून ठेवले होते, माझ्याकडे सरकवायचं धाडस झालं नव्हतं.

वाचून झाल्यावर मी मान वर केली आणि त्यांचे चेहरे बघितले. दोघांनीही कसेबसे सावरून धरलेले. त्या क्षणी मला कळलं, हे किती सोपं आहे. माझ्या ओठांवर ते आलंच होतं. ठीक आहे. सगळं निघालं. एवढी दोन वाक्यं बोलले असते तर त्यांना आज जेवण गेलं असतं, झोप लागली असती. आणि कागद माझ्या हातात होता, मला विचारणारं कुणी नव्हतं. ते खोटं दुष्टपणाचं वाटत नव्हतं. ते उबदार वाटत होतं, आईला वाचून दाखवताना वाटलं होतं तसंच.

"मम्मी?" ओवी म्हणाली. "काय आलंय?"

मी पहिलं पान वर घेतलं आणि सुरुवातीपासून मोठ्यानं वाचू लागले. नमुना क्रमांक. नमुना मिळाल्याची तारीख. नमुन्याचं वर्णन: डाव्या छातीच्या भिंतीवरील ऊती, तीन पूर्णांक दोन गुणिले अडीच सेंटिमीटर. तपासणीची पद्धत. मग दुसऱ्या पानावर निष्कर्ष. तीन कडा स्वच्छ. चौथ्या, आतल्या कडेपासून गाठीचं अंतर एक मिलिमीटरपेक्षा कमी. काढलेल्या चार लसिकाग्रंथींपैकी एकीत कर्करोगाच्या पेशी.

भूषणनी टेबलाची कड धरली. "एक म्हणजे... म्हणजे पसरला?"

"पुढे आहे ते. ऐका."

"हर्षदा, पुरे. कळलं. आपण डॉक्टरांना विचारू. तू नको त्रास करून घेऊ." त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. त्यांनी कागदाकडे हात पुढे केला, बहुतेक बाजूला ठेवण्यासाठी.

मी कागद माझ्या बाजूला ओढून घेतला आणि पान उलटलं.

"चार पानं आहेत," मी म्हटलं, आणि तिसरं वाचायला घेतलं.